पान एकशे सोळावरचा ठिपका

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय रत्नपरीक्षा, आज बुधवारी सकाळी माझ्या तपासणीच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी बसून माझ्या मालमत्तेची आणि माझ्या एका चुकीची व्यवस्था लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती नाही. येत्या सोमवारी ती उघडून दुरुस्त करणार आहेत, आणि डॉक्टर "काही काळजी करू नका" असे इतक्या वेळा म्हणाले की मला काळजी वाटू लागली. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. लिहू नये म्हणून मात्र आणलेले आहे, आणि ते माझ्या पोटच्या मुलाने आणलेले आहे.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात घर, दुकान, हत्यारे सगळे नीट वाटलेले होते. एक गोष्ट तेवढी नव्हती. बावीस वर्षांपूर्वी माझ्या पत्नीच्या धाकट्या भावावर, म्हणजे माझ्या मेहुण्यावर, एका अंगठीतला माणिक बदलून खोटा बसवल्याचा आळ आला. त्याने तो बदलला नव्हता. हे मला तेव्हाच कळले होते आणि मी गप्प बसलो. त्याच्या नावावरचा तो डाग निघावा, एवढ्यासाठी हा नवा कागद आहे. बाकीची कलमे नुसती सोबतीला आहेत.

वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात हकिगत सांगायची नसते, काय कोणाला एवढेच लिहायचे. मी त्यांना सांगितले, "बाई, खड्याचं प्रमाणपत्र मीही दोन ओळींत लिहायचो. त्या दोन ओळींनीच सगळा घोळ केलाय." त्यावर त्यांनी चष्मा पुसला.

कलम एक. राहते घर व बँकेत जे काही असेल ते मुलाला आणि मुलीला समान. मुलगा वरच्या मजल्यावर सहकुटुंब राहतो, त्याने तिथेच राहावे. रस्त्यावरून वर येणाऱ्या जिन्याची तिसरी पायरी हलते आणि वाजते, हे मी त्याला सात वर्षे सांगत आहे. आता ती त्याच्या मालकीची झाली, आता तरी त्याने ती ठोकून घ्यावी.

कलम दोन. माझा खनिजांचा संग्रह, काचेच्या कपाटातला आणि पलंगाखालच्या खोक्यांतला मिळून दोनशे चाळीस नमुने, मुलीला द्यावा. ती शाळेत विज्ञान शिकवते, आणि "हे दगड कधी उचलणार?" असे मला कधीही न विचारणारी या घरात ती एकटीच. पायराइटचे सोनेरी ठोकळे दमट जागी ठेवू नयेत, त्यांना पांढरी पूड सुटते आणि मग ते आतून भुसभुशीत होतात. मनशीळेचे तांबडे स्फटिक काळ्या कापडात, कापड डब्यात आणि डबा खणात, असेच राहू द्यावेत. उजेडात राहिले की त्यांचा पिवळा भुगा होतो. पाहुण्यांनी कितीही गळ घातली तरी दाखवू नयेत. पाहुण्यांचे काय, त्यांना भुगा दाखवला तरी ते "छान आहे" म्हणतात.

खोका क्रमांक नऊमध्ये बोटभर लांबीचा, पाण्यासारखा स्वच्छ गारेचा स्फटिक आहे. त्याच्या पोटात पाण्याचा थेंब अडकलेला आहे, आणि थेंबात हवेचा बुडबुडा. स्फटिक कलता केला की बुडबुडा इकडून तिकडे सरकतो. मुलगी नऊ वर्षांची असताना माझ्या मेहुण्याने तो तिला दिला होता. तिने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती: पाणीवाला दगड, मामाने दिला. आळ आल्यावर माझ्या पत्नीने ती चिठ्ठी ओरबाडून काढली. मी ती केराच्या टोपलीतून उचलून खोक्याच्या तळाशी ठेवली आहे. ती पुन्हा चिकटवावी. स्फटिक तापू देऊ नये, आतल्या पाण्याने तडकेल.

कलम तीन. माझा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खड्यात शिरताना उजेड किती वाकतो ते आकड्यात सांगणारे यंत्र, रस्त्यापलीकडच्या पारख्याला द्यावा. या गृहस्थाशी मी बावीस वर्षे बोललो नाही. समोरून आला तर मी रस्ता ओलांडत असे, आणि तो रस्ता ओलांडू लागला तर मी परत फिरत असे. त्याचा गुन्हा एवढाच की तो बरोबर होता. असे गुन्हे मी सहजासहजी माफ करत नाही, म्हणून एवढी वर्षे लागली. यंत्राची काच कापडाने घासू नये, नुसती टिपावी. त्याला हे माहीत असणार, तरी लिहितो.

कलम चार. तपासणीचे दुकान, पाटी, सूक्ष्मदर्शक व काटा मुलाला, पण एका अटीवर. अट समजण्यासाठी हकिगत सांगणे भाग आहे, आणि इथे वकीलबाईंनी थोडा वेळ डोळे मिटावेत.

सत्तावीस वर्षांपूर्वी एका कारखानदाराने एक तांबडा खडा तपासायला आणला. लांबट गोल, वजन चार कॅरेट बारा सेंट. त्या काळी बाजारात मला "दोन मिनिटे" म्हणत. नाव कौतुकाने पडले होते, कारण इतरांना अर्धा तास लागे तिथे माझे काम दोन मिनिटांत होई. मला ते नाव इतके आवडे की मी घड्याळ मेजावर ठेवून खडे बघत असे. कारखानदारानेही आपले घड्याळ मनगटावरून काढले, माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "बघू या तर."

मी यंत्रावर आकडा बघितला, तो माणकाचा होता. निळ्या दिव्याखाली धरला तर खडा आतून तांबडा पेटला, तेही माणकासारखे. आता भट्टीत वाढवलेल्या माणकाचाही आकडा तोच येतो आणि तोही तसाच पेटतो, हे मी स्वतः कित्येकांना शिकवले आहे. फरक कळतो तो आतल्या रेघांवरून. जमिनीत वाढलेल्या खड्यात त्या सरळ असतात, भट्टीतल्या खड्यात वाकड्या. त्या बघायच्या तर खडा तेलात बुडवून सगळ्या कडांनी फिरवावा लागतो, आणि त्याला वीस मिनिटे लागतात. समोर घड्याळ चालू होते. मी खडा फक्त वरून बघितला. कडेपाशी एक ठिपका दिसला. माझ्या शिस्तीप्रमाणे मी नोंदवहीत, पान एकशे सोळावर, खड्याची आकृती काढली, ठिपका जिथल्या तिथे काढला आणि शेजारी "स्फटिक" असे लिहिले. स्फटिकाला कोपरे असतात. मी काढलेला ठिपका गोल होता, बुडबुड्यासारखा गोल, आणि बुडबुडे भट्टीतल्या खड्यात असतात. डोळ्यांनी गोल बघितले, हाताने गोल काढले आणि त्याच हाताने शेजारी स्फटिक लिहिले. एक मिनिट पन्नास सेकंद झाले होते. प्रमाणपत्र दिले: माणिक, नैसर्गिक.

कारखानदाराने समोर बसून त्या खड्याची अंगठी करून घेतली, आणि पाच वर्षांनी ती मोडून नवी घडवायला टाकली. जुन्या अंगठीतला खडा काढून नवीत बसवायचे काम माझ्या मेहुण्याकडे आले. सोन्यात खडे बसवणे, ज्याला आम्ही जडावकाम म्हणतो, त्यात त्याच्या तोडीचा हात या बाजारात नव्हता. खडा धरणारे सोन्याचे दात तो असे वळवी की बोट फिरवले तरी लागायचे नाहीत. नवी अंगठी घेऊन कारखानदार विम्याच्या कागदासाठी रस्त्यापलीकडच्या पारख्याकडे गेला. त्याने अर्धा तास घेतला आणि लिहिले: माणिक, कृत्रिम.

माझा कागद म्हणत होता नैसर्गिक, त्याचा म्हणत होता कृत्रिम, आणि मधल्या काळात कारखानदाराच्या नजरेआड खड्याला एकाच माणसाचा हात लागलेला होता. लोकांना आणखी काय पाहिजे? सराफांच्या संघटनेने सभा बोलावली. सभेच्या दिवशी सकाळी मी तो खडा अंगठीतून सोडवून मागवून घेतला, तेलात बुडवला आणि या वेळी वीस मिनिटे बघितला. रेघा वाकड्या होत्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. मग मी वहीचे पान एकशे सोळा उघडले. ठिपका होता तिथेच होता. म्हणजे खडा तोच होता. कोणीही काहीही बदललेले नव्हते. मीच पहिल्या दिवशी खोट्याला खरे म्हटले होते.

सभेत मेहुणा माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा मोकळा होता, हे मला अजून दिसते. तो म्हणाला, "भाऊजी, तुमच्या वहीत चित्र असेल ना या खड्याचं? ते तेवढं काढा. चित्रातला आणि हातातला एकच निघाला की मी सुटलो."

मी म्हणालो, "ती वही वाळवीने खाल्ली."

मग कोणीतरी म्हणाले, वजन तर अगदी तेवढेच भरते आहे. त्यावरही मीच बोललो. मी म्हणालो, "हुशार माणूस वजनही जुळवून आणतो." हे मला कोणी बोलायला लावले नव्हते. दुसऱ्या दिवशी तो काम करी त्या सराफी पेढीने त्याचे कामाचे मेज बाहेर रस्त्यावर आणून ठेवले. कारखानदाराने खडा माझ्यापुढे टाकला आणि म्हणाला, "ठेवा आठवण म्हणून."

मी घाबरलो होतो, याशिवाय दुसरे कारण नाही. दिलेली सगळी प्रमाणपत्रे डोळ्यांपुढे आली, पाटी डोळ्यांपुढे आली, आणि "दोन मिनिटे" हे नाव लोक आता कसे उच्चारतील तेही कानात ऐकू आले. माझी पत्नी त्या दिवसापासून आपल्या भावाशी बोलली नाही. एकोणीस वर्षे. तीन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा तो समोरच्या फुटपाथवर छत्री मिटून उभा होता. वर आला नाही. मी त्याला खिडकीतून बघितले आणि वर बोलावले नाही. याची मला इतकी लाज वाटते की हे वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिले आहे.

तर अट अशी. माझ्या पश्चात एक महिन्याच्या आत मुलाने पान एकशे सोळाचा मोठा फोटो आणि त्या खड्याचा सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो शेजारी शेजारी, दुकानाच्या पुढच्या खोलीत, नजरेच्या उंचीवर लावावा. खाली लिहावे: चूक पारख्याची होती, कारागिराची नव्हती. तीच प्रत संघटनेला पाठवावी. मी तपासलेला कोणताही खडा कोणी पुन्हा घेऊन आला तर तो फुकट तपासून द्यावा, तेलात बुडवून, वीस मिनिटे घेऊन. अट मोडल्यास दुकान मुलीला जाईल.

मुलाचे म्हणणेही लिहितो, कारण ते खोटे नाही. तो म्हणतो, "बाबा, पाटीवर तुमचं नाव आहे पण पोट माझं चालतंय. उद्या लोक म्हणतील, बापाने एक चुकवला, मग किती चुकवले असतील? मी काय सांगू त्यांना?" त्याला मी म्हणालो, "खरं सांग." तो म्हणाला, "हे तुम्ही आता सांगताय." पुढे तो असेही म्हणाला की हा कागद तो कोणाच्या हाती लागू देणार नाही.

कलम पाच. मेहुण्याचे रस्त्यावर काढलेले मेज मी त्याच संध्याकाळी गुपचूप उचलून आणवले होते. मागच्या कोठीत गोणपाटाखाली आहे. सोन्याचा कीस झेलायला खाली बांधलेले कातडे वाळले आहे, ते बदलावे. ते मेज, खणातल्या त्याच्या कोरण्यांसकट, आणि ही उत्तरेच्या खिडकीची खोली हयातभर वापरायला, मी मेहुण्याला देतो. या घरात चांगला उजेड या एकाच खोलीत आहे.

कलम सहा. नोंदवही आणि खड्याची पुडी आता तिजोरीत नाहीत. कुठे आहेत ते इथे लिहीत नाही, कारण हा कागद माझ्याआधी कोण वाचेल याचा भरवसा नाही. व्यवस्था पाहण्यासाठी मी मुलीला नेमतो.

गुरुवार. वकीलबाईंनी वरील मजकूर वाचला. हकिगतीला डोळे मिटले नाहीत, उलट तेच पान दोनदा वाचले. मग विचारले, "हे सगळं तुमच्या पश्चात जाहीर व्हायचं?"

"मृत्युपत्र पश्चातच असतं ना?"

"असतं. पण समजा, तुम्ही सोमवारी नीट बाहेर आलात आणि दहा वर्षं जगलात. आणि तो आधी गेला. तर?"

मला राग आला. मी म्हणालो, त्याचे वय एकसष्ट आहे, माझे त्र्याहत्तर. बाई म्हणाल्या, "वयाची रांग लागते होय?" मी त्यांना जा म्हणून सांगितले. त्या गेल्या. पण प्रश्न मागे ठेवून गेल्या. खरे सांगायचे तर मी हा कागद लिहिताना मनात हेच धरले होते, की हे वाचले जाईल तेव्हा मी तिथे नसेन. कोणाच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही. सभेत वाळवीचे नाव घेतले तेव्हाही मी जमिनीकडेच बघत होतो.

दुपारी मी पडलो होतो. शेजारच्या खोलीत तिजोरीची मूठ फिरली. ती दोनदा करकरते, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. दुसरी किल्ली मुलाकडे असते. मी पडून राहिलो आणि कान दिला. खण ओढले, ढकलले, पुन्हा ओढले. मग तो दारात येऊन उभा राहिला.

"वही कुठंय, बाबा?"

"कुठली?"

"मला लहान समजू नका. पान एकशे सोळाची."

माझ्या तोंडून आपोआप निघाले, "वाळवीने खाल्ली."

त्याने तिजोरीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "मामालाही तुम्ही हेच सांगितलं होतं." आणि निघून गेला. बावीस वर्षांत त्याच्या तोंडून मामा हा शब्द मी ऐकला नव्हता.

वही आणि खड्याची पुडी मंगळवारीच मी रस्त्यापलीकडे नेऊन दिली होती. त्या पारख्याच्या दुकानात मी पहिल्यांदाच पाय ठेवला. तो उठून उभा राहिला. मी म्हणालो, "हे सांभाळा, आत काय आहे ते विचारू नका." तो म्हणाला, "विचारायचं काय त्यात? तो खडा नवा बसवलेला नव्हता, हे मला तेव्हाच दिसलं होतं. पैलूंच्या कडा झिजलेल्या होत्या. वर्षानुवर्षं बोटात वापरलेला खडा होता तो." मी विचारले, मग तुम्ही सभेत बोलला का नाहीत? तो म्हणाला, "मला एवढंच विचारलं होतं, खरा की खोटा." म्हणजे एका माणसाला बुडवायला आम्ही दोघे पारखी लागलो. रिफ्रॅक्टोमीटर त्याला तरीही द्यावा.

शुक्रवार. माझ्या चष्म्याचा स्क्रू तीन आठवडे ढिला आहे. मेहुणा गेली वीस वर्षे बसस्थानकामागे, एका इमारतीच्या जिन्याखाली, चष्मे दुरुस्त करतो. मी नेहमी चार गल्ल्या पुढे जाऊन दुसऱ्याकडून स्क्रू बसवून घेत असे. आज त्याच्याकडे गेलो. चालताना दोनदा थांबावे लागले. त्याने मान वर न करता चष्मा घेतला, एकवार उलटसुलट केला आणि म्हणाला, "बसा."

स्टुलावर बसलो. त्याचे केस सगळे पांढरे झाले आहेत, पण हात तेच आहेत. स्क्रू बसवून त्याने काडी निरखली. "कोणीतरी उगाच वाकवलीय ही. कानामागे टोचत असेल."

"टोचते."

त्याने ती सरळ केली. मी म्हणालो, "वही वाळवीने खाल्ली नव्हती."

तो काच पुसत होता, पुसतच राहिला. "माहीत होतं," तो म्हणाला. "भाऊजी, तुम्ही साबणाच्या वडीवर तारीख घालणारे. तुमची वही वाळवी खाईल होय?"

"मग तू बोलला का नाहीस कधी?"

"कोणाशी बोलू? ताईशी? तिच्या नवऱ्याबद्दल?" आता त्याने वर बघितले. "आपल्या दोघांतल्या एकाला तिने खोटं धरायचंच होतं. तुम्हाला धरलं असतं तर ती राहिली कुठे असती?"

त्याने चष्मा माझ्या हातात दिला आणि विचारले, "तिला कळलं होतं का शेवटी?"

इथे खोटे बोलणे सोपे होते, आणि जिभेवर आले होते. मी म्हणालो, "नाही."

"म्हणजे चोर समजूनच गेली."

"हो."

त्याने पेचकस उचलला, डबीतल्या त्याच्या खाचेत ठेवला आणि डबी बंद केली. मागे एक बाई चष्मा घेऊन उभी होती, तिला म्हणाला, "या, द्या इकडे." मी उठलो. उठता उठता सांगितले, उद्या अकरा वाजता माझ्या खोलीत ये, सगळ्यांसमोर वही उघडायची आहे, आणि मृत्युपत्राला साक्षीदार हवा आहे. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चोराची साक्ष चालते का, ते वकीलबाईंना विचारून घ्या."

घरी येऊन कलम चारमध्ये मी दुरुस्ती केली. "माझ्या पश्चात एक महिन्याच्या आत" या शब्दांऐवजी "सोमवारी मी रुग्णालयात जाण्याआधी" असे वाचावे. वकीलबाईंना निरोप पाठवला की मृत्युपत्र आता नीट टाइप करा, प्रश्न विचारल्याबद्दल आभार, आणि तुमचा स्वभाव मात्र मला आवडत नाही.

शनिवार. वकीलबाईंच्या सांगण्यावरून आजची हकिगत मी सहीपूर्वी हाताने जोडत आहे.

अकरा वाजता खोलीत मी, मुलगा, मुलगी, वकीलबाई आणि दुसऱ्या साक्षीसाठी बोलावलेले आमचे डॉक्टर होतो. रस्त्यापलीकडचा पारखी वही आणि पुडी घेऊन आला. मुलाने वही त्याच्या हातात बघितली आणि मग माझ्याकडे बघितले. हाताची घडी घालून तो दाराशी उभा राहिला. सव्वाअकरा झाले. डॉक्टर म्हणाले, मला दवाखाना आहे. साडेअकरा झाले. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीला आमचा टायपिस्ट बोलावता येईल. मी म्हणालो, थांबा. छातीत घड्याळ बसवल्यासारखे वाजत होते आणि मला एकच भीती होती, की तो येणार नाही आणि तेच बरोबर असेल.

अकरा चाळीसला जिन्याची तिसरी पायरी वाजली.

तो आत आला. मी पुडी उघडली, खडा तेलाच्या काचेत ठेवला, काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बाजूला झालो. तो बसला. भिंगांशी त्याचे नीट जमेना, बावीस वर्षांची सवय मोडलेली. कोणी पुढे झाले नाही. मग दारातून मुलगा आला, वाकला, स्वतः एकदा डोळा लावून बघितले. त्याला जे दिसायचे ते दिसले असावे, कारण तो ताठ झाला आणि पुन्हा वाकला. चाक थोडे फिरवून म्हणाला, "मामा, आता बघा. जरा डावीकडे."

मेहुण्याने वीस मिनिटे बघितले. मी मोजली. खडा चिमट्याने फिरवून फिरवून बघितला. मग वही ओढून घेतली, पान एकशे सोळा उघडून काचेशेजारी ठेवले, आणि एकदा चित्र, एकदा खडा, असे कितीतरी वेळ करत राहिला. शेवटी म्हणाला, "चित्र चांगलं काढलंय, भाऊजी. ठिपका अगदी जागच्या जागी आहे."

मी त्याची माफी मागितली, सगळ्यांसमोर आणि त्याच्या तोंडाकडे बघून. त्याने माफ केले असे तो म्हणाला नाही, आणि तसे कोणी इथे लिहू नये.

मुलाने मला विचारले, "फोटो किती उंचीवर लावायचा?"

"नजरेच्या."

"कोणाच्या नजरेच्या?" असे विचारून त्याने मामाकडे बघितले, त्याला भिंतीशी उभे केले आणि त्याच्या डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलीने खूण केली. खिळा तो आजच ठोकणार आहे.

सहीची वेळ आली तेव्हा वकीलबाईंनी मेहुण्याला थांबवले. म्हणाल्या, "एक सांगायला हवं. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. कलम पाचमध्ये तुमचं मेज आहे आणि या खोलीचा वापर आहे. तुम्ही सही केलीत तर ते गेलं. टायपिस्टला बोलावते, तुम्ही नका करू."

मीही म्हणालो, "नको करूस. खोली घे."

तो खोलीकडे बघत होता. खिडकीतून मेजावर पडलेल्या उजेडात त्याने हात धरला, तळवा वर, मग पालथा, कारागीर उजेड बघतो तसा. मुलगी रडत होती. मग त्याने वकीलबाईंना विचारले, "साक्ष केली तर माझं नाव या कागदावर राहील ना? भाऊजींच्या सहीखाली? कायमचं?"

"राहील."

"आणि चोराची साक्ष चालत नाही."

"चोराची इथे कोणी साक्ष घेत नाहीये," बाई म्हणाल्या.

"मग पाच नंबरचं कलम खोडा," तो म्हणाला आणि पेन मागितले.

कलम पाच त्याच्या सांगण्यावरून खोडले आहे. साक्षीदारांच्या जागी वकीलबाईंनी मला विचारून माहिती आधीच टाइप केलेली होती. त्यातही त्याने स्वतःच्या हाताने एक दुरुस्ती केली आहे. ती खाली दिसेल.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, उघड्या डोळ्यांनी, आणि या वेळी घड्याळ न लावता केले आहे. प्रत्येक पानावर सही केली आहे.

स्थळ: तपासणीची खोली, उत्तरेची खिडकी
दिनांक: चौदा, शनिवार, दुपारी पाऊण वाजता

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही)
नाते: लिहून ठेवणाराचा मेहुणा. वय: एकसष्ट. व्यवसाय: <s>चष्मा दुरुस्ती</s> जडावकाम

साक्षीदार दुसरा: (सही)
व्यवसाय: डॉक्टर. लिहून ठेवणारास आज तपासले, तो शुद्धीवर आहे.

या कागदावर दोन ठिकाणी खाडाखोड आहे. एक कलम पाचची, दुसरी पहिल्या साक्षीदाराच्या व्यवसायाची. दोन्ही माझ्यासमोर झाल्या. पहिली मला मान्य आहे. दुसरी खरी आहे.

(सही)